डावा त्यांचा, उजवा यांचा

४ जून

आदरणीय विहीणबाईंना व्याह्यांचा नमस्कार. हात ग्रीसने बरबटलेले आहेत, तेव्हा ते मनोमन जोडले आहेत असं समजावं.

या रविवारी पोरं थोरलीला घेऊन आपल्याकडे येतील, त्याआधी हे पत्र पोचावं म्हणून घाई. थोरली म्हणजे आपल्या यजमानांची गाडी, हे मला लग्नानंतर बऱ्याच दिवसांनी कळलं. तोवर मी समजत होतो, सूनबाईंना एक मोठी बहीण आहे आणि ती बिचारी सदा आजारी असते. सारखं आपलं 'थोरलीचं पाणी बदललं', 'थोरलीला चौघांनी धक्का मारला'. मी एकदा चिरंजीवांना विचारलंसुद्धा, की अरे, तिला एखाद्या चांगल्या डॉक्टरला का दाखवत नाही? त्यावर दोघं जेवायचं सोडून हसत बसली.

तर थोरलीचा मागचा डावा शॉकअप तेल गाळत होता. चाक खड्ड्यातून गेलं की गाडी नाचत राहते, तिला आवरायचं काम या नळकांड्याचं. भंगारवाल्यांची दुकानं पालथी घालून मी एक चांगल्यातला शोधून काढला. आपल्या उजव्याला आहे तशीच यालाही खाली एक चाकी आहे. आवळली की कडक, सैल केली की मऊ. कंपनी निराळी आहे, पण काम तेच. बसवून, चाकी फिरवून, उजव्याशी नीट जुळवून दिला आहे. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. लिफ्ट थांबली हे आतल्या माणसाला कळता कामा नये, एवढी एकच विद्या मला येते, ती थोरलीच्या पायाशी वाहिली.

आपल्या घरासाठी माझ्या हातून झालेलं हे पहिलंच काम. गोड मानून घ्यावं. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण माझ्या कानांची अवस्था आपण जाणता. फोनवर मी नुसता 'बरं बरं' म्हणतो आणि काय कबूल केलं ते नंतर चिरंजीवांना विचारतो.

आपला नम्र,
व्याही

ता.क. गेल्या खेपेला आपल्या फाटकाने माझ्या टाचेला जो प्रसाद दिला होता, ती टाच आता पूर्ण बरी आहे. पण त्या फाटकाची स्प्रिंग फार तापट आहे, एवढं सुचवतो.


१२ जून

आदरणीय व्याह्यांना विहीणबाईचा नमस्कार.

पोरं रविवारी आली आणि सोमवारी गेली. आपण पाठवलेली मधाची बरणी सुखरूप पोचली. डिकीत आडवी झाली होती, पण फुटली नाही.

आपण दिलेला शॉकअप पाहिला. काय भक्कम आहे हो! मी डाव्या कोपऱ्यावर हात ठेवून दाबून पाहिलं, तर गाडी जागची हलेना. हल्ली अशा वस्तू मिळत नाहीत. आपण एवढी पायपीट केलीत, त्याचं ओझं वाटतं.

फाटकाचं म्हणाल तर ते यांनीच बसवलं. गायीगुरं आत शिरतात म्हणून स्प्रिंग कडक घातली. गुरं यायची थांबली आणि माणसंही जरा बिचकूनच येतात. पोरं निघाली की ते पाठीमागे असं धाडकन आपटतं, की घरातली भांडीसुद्धा हलतात. पण सवय झाली आहे. आपल्या टाचेबद्दल मात्र दिलगीर आहे.

आपली,
विहीणबाई


१२ जून

धाकटे,

तुझ्या सासऱ्यांना लिहिलेलं पत्र याच टपालपेटीत टाकलं आहे, पण तुला निराळं लिहिते, आणि हे तुझ्याजवळच राहू दे.

सोमवारी सकाळी तुम्ही दोघं लोळत होतात, तेव्हा मी पदर खोचून गाडीखाली शिरले. शेजारच्या मास्तरीणबाईंना नुसते माझे पाय दिसले, त्या ओरडत आल्या. त्यांना म्हटलं, बांगडी घरंगळली.

झालं असं, की मी मागचे दोन्ही कोपरे हाताने दाबून पाहिले. वजनकाटे तपासायची नोकरी केलेल्या बाईला त्यासाठी यंत्र लागत नाही. पारडं सावकाश दाबायचं, सोडायचं, ते कसं स्थिरावतं ते बघायचं. तर डावा कोपरा दगडासारखा आणि उजवा, म्हणजे तुझ्या बाबांचा, लोण्यासारखा! त्यांनी तो शेवटच्या आजारपणाच्या आधी स्वतः आवळून बसवला होता. त्यांच्या हाताने आवळलेला घरातला तो शेवटचा नट. तो थकला, असं कुणी म्हणालं तर मला सहन होणार नाही. आणि सासऱ्यांचा फारच कडक झालाय म्हणून तो सैल करावा, तर माणसाने प्रेमाने दिलेल्या वस्तूला नाव ठेवल्यासारखं होतं. मग मी यांचाच थोडा आवळला. आता दोन्ही सारखे आहेत. माझ्या हाताने पाहिलं आहे, तेव्हा खात्री बाळग.

सासऱ्यांना यातलं अक्षर सांगू नकोस.

आई


२७ जून

आदरणीय विहीणबाई,

पोरं काल येऊन गेली. थोरलीची प्रकृती उत्तम. विशेषतः आपल्या यजमानांनी बसवलेला तो उजवा शॉकअप! इतकी वर्षं झाली तरी काय ताठा आहे त्याचा! गतिरोधकावरून गाडी नेली तेव्हा उजवीकडून असा दणका बसला, की आपल्या यजमानांच्या हाताची कमाल वाटली. माझ्यासारख्या भंगारातून वस्तू उचलणाऱ्याने त्यांच्याकडून पुष्कळ शिकण्यासारखं होतं.

मधाची दुसरी बरणी पाठवत आहे. चिंध्यांत गुंडाळली आहे.

आपला नम्र,
व्याही


२७ जून

चिरंजीव,

गाडीच्या मागे मी का बसलो होतो, असं सूनबाईंनी विचारलं तर हवा खात होतो म्हणून सांग.

तुझ्या सासूबाईंचं पत्र वाचलंस ना? 'काय भक्कम आहे हो!' हा शालजोडीतला आहे, बेटा. मी बहिरा असेन, आंधळा नाही. मी गतिरोधकाची परीक्षा घेतली. मागच्या काचेपाशी दोन चाकांवर दोन पेले काठोकाठ भरून ठेवायचे आणि गाडी गतिरोधकावरून न्यायची. लिफ्टमध्ये आम्ही हेच करायचो, ज्या बाजूला सांडेल ती बाजू दणके देते. तर उजवीकडचा पेला अर्धा रिकामा आणि माझ्याकडचा जसाच्या तसा. म्हणजे यजमानांचा शॉकअप लोखंडासारखा आणि मी दिलेला लुळा. बाईंनी तो दाबून बघितला असणार, त्यांना कळलं असणार, आणि बाई सभ्य म्हणून 'भक्कम' लिहून मोकळ्या झाल्या.

मग मी काय करणार? स्वर्गवासी माणसाच्या कामाला हात लावणं मला शोभत नाही. माझाच थोडा आवळला आणि त्यांच्या बरोबरीला आणला. त्या घरात मी दिलेली ती एकच वस्तू आहे रे. ती टाकाऊ निघाली, असं व्हायला नको.

सासूबाईंना यातलं काही कळू देऊ नकोस.

बाबा


१० जुलै

आदरणीय व्याहीसाहेब,

बरणी मिळाली. या खेपेला तिचं झाकण उडालं होतं आणि गाडीची चटई दोनदा धुवावी लागली, पण मध चांगला होता असं चटईवरून वाटतं.

यांच्या शॉकअपला आपण 'काय ताठा' म्हणालात. हे ताठ होते खरे, पण गेलेल्या माणसाबद्दल इतकं खोचक बोलायची आमच्याकडे पद्धत नाही. उजव्या बाजूचं काय चाललंय ते मला दिसतं. आपल्याला मात्र ते मुद्दाम लिहून कळवावंसं वाटतं, याचं नवल वाटलं.

आपला डावा मात्र पूर्वीपेक्षाही भक्कम झाला आहे. अभिनंदन.

विहीणबाई


२४ जुलै

आदरणीय विहीणबाई,

अभिनंदन पोचलं. पदरात घेतलं. तिसऱ्या बरणीच्या फक्त काचा पोचल्या असतील, त्या जपून उचलाव्यात.

यजमानांचा उजवा आता इतका पराक्रमी झाला आहे, की गतिरोधकावर चिरंजीवांचं डोकं छताला लागलं. माझ्यासारख्या लिफ्टवाल्याने यापुढे बोलणं बरं नव्हे.

व्याही


६ ऑगस्ट

आई आणि बाबा,

दोघांना एकच पत्र लिहिते आहे, म्हणजे कुणी 'मला निराळं लिहिलं होतं' असं म्हणायला नको.

आई, तू दर खेपेला गाडीखाली शिरून उजवा शॉकअप आवळतेस. बाबा, तुम्ही दर खेपेला डावा आवळता. तुम्ही दोघांनी आम्हाला शपथा घातल्यात आणि आम्ही मूर्खासारख्या पाळल्या. आता बास झालं. दोन्ही चाक्या शेवटच्या टोकाला जाऊन बसल्या आहेत. गाडी आता गाडी राहिली नाही, ती लोखंडी पेटी झाली आहे आणि आम्ही त्या पेटीतले खिळे. यांच्या कंबरेला पट्टा आहे. माझ्या दातातली चांदी निसटली. आणि एवढं करूनही गाडी सरळ चालेल तर शपथ! खड्ड्यात एकीकडे झुकते, वळणावर दुसरीकडे.

आई, तुला हे आवडणार नाही, पण आम्हाला ती आता परवडत नाही, अंगाला आणि मनालाही. एक खानावळीचा मालक मिळाला आहे. त्याला थोरलीचा मागचा अर्धा भाग कापून गिऱ्हाइकांना बसायला सोफा करायचा आहे. पुढच्या अर्ध्याचा तो गल्ला करणार आहे. या महिन्याच्या चौथ्या रविवारी तो फीत घेऊन येतो, कुठे कापायचं ते आखायला.

गाडी तुझ्याच दारात ठेवून आम्ही काल बसने परतलो. तू बाजारात होतीस, किल्ली मास्तरीणबाईंकडे आहे. बसला साडेचार तास लागतात आणि मधे दोनदा बदलायची. तेव्हा पूर्वीसारखं दर पंधरा दिवसांनी येणं काही जमणार नाही, हेही आत्ताच सांगून ठेवते. बाबांकडे तर बस जातच नाही.

तुम्हा दोघांवर रागावलेली,
धाकटी

हे म्हणतात, माझं नाव घालू नकोस. तेव्हा घातलेलं नाही.


९ ऑगस्ट

व्याहीसाहेब,

'आदरणीय' हा शब्द आज मुद्दाम गाळला आहे. राग उतरला की पुढच्या पत्रात भरून देईन.

मी यांचा शॉकअप आवळत होते, कारण आपला दगडासारखा होता. आपण आपला का आवळत होतात? यांच्यापेक्षा वरचढ दिसावा म्हणून? सरळ एक ओळ लिहिली असतीत, की बाई, तुमच्या उजव्यात खोट आहे, तर मी दोन दिवस रडले असते आणि तिसऱ्या दिवशी पाना घेऊन बसले असते. त्याऐवजी आपण साखर पेरत राहिलात आणि माझ्या लेकीच्या दातातली चांदी गेली.

सोफा! ज्या गाडीतून मी धाकटीला जन्मल्यावर घरी आणलं, तिच्यावर बसून लोक चहा पिणार. पोरं आता महिनोन्‌महिने येणार नाहीत. काल सकाळी मी दोनदा फाटकापर्यंत जाऊन आले, कारण नसताना. हे मी आपल्याला का लिहिते आहे, कळत नाही. बहुतेक आपलंही तेच होणार म्हणून.

विहीणबाई


१२ ऑगस्ट

विहीणबाई,

मीही 'आदरणीय' गाळतो, फिटंफाट.

वरचढ? मी? अहो, मी माझा आवळत होतो, कारण आपला लोखंडासारखा होता! आपण 'भक्कम' लिहिलंत, ते मी टोमणा समजलो. मी 'ताठा' लिहिलं, ते मनापासून होतं, देवाशपथ. मला त्या माणसाचा हेवा वाटत होता. मी त्यांना एकदाच भेटलो, तेव्हा ते गाडीखाली होते आणि हात मिळवायला त्यांनी खालूनच पंजा बाहेर काढला. असा माणूस मला फार आवडतो. त्यांना मी नावं ठेवीन?

आता भांडण बाजूला ठेवून एक विचारतो, जे पहिल्या पत्रातच विचारायला हवं होतं. आपण परीक्षा कशी घेता? मी मागच्या काचेपाशी, दोन चाकांवर, दोन पेले काठोकाठ भरून ठेवतो आणि गतिरोधकावरून गाडी नेतो. ज्या बाजूचा सांडतो ती बाजू कडक. दर वेळी आपली उजवी बाजू सांडली. गाडी आपल्या दारात उभी आहे. आपण गाडी चालवता, हे मला ठाऊक आहे. करून बघा, आणि मी खोटा ठरलो तर मला भर चौकात तसं सांगा.

माझ्याकडे पोरं आली नाहीत तर काय होईल, ते आपण बरोबर ओळखलंत. गेल्या रविवारी मी बाहेर खुर्ची टाकून बसलो होतो. गाडीचा आवाज मला ऐकू येत नाही, पण जमिनीला कळतो. बराच वेळ काहीच कळलं नाही.

व्याही


१४ ऑगस्ट

आदरणीय व्याहीसाहेब,

शब्द परत केला आहे, मोजून घ्यावा.

आज सकाळी दोन पेले घेऊन थोरली बाहेर काढली. मास्तरीणबाईंना मागच्या सीटवर उलटं तोंड करून बसवलं आणि म्हटलं, नुसतं बघा, हात लावू नका. शाळेसमोरच्या गतिरोधकावरून गाडी नेली. त्या म्हणाल्या, उजवा सांडला. माझा विश्वास बसेना. पुन्हा भरले, पुन्हा नेली. उजवाच! तिसऱ्या खेपेला त्यांचं लुगडं ओलं झालं आणि त्या उतरून घरी गेल्या.

मग गाडी दारात लावली आणि माझ्या पद्धतीने पाहिलं. मी हात ठेवते आणि सावकाश दाबते, काट्याचं पारडं दाबावं तसं. तर डावा कडक आणि उजवा मऊ! तीच गाडी, तीच सकाळ, चाक्यांना कुणी हात लावलेला नाही.

मी पायरीवर बसून राहिले. हसू की रडू, कळेना. आपल्याला कळलं ना काय झालं ते? सावकाश दाबलं तर तुमचा डावा हटून बसतो. दणका बसला की यांचा उजवा हटून बसतो. मी माझ्या हाताने खरं सांगत होते आणि तुम्ही तुमच्या पेल्याने. मी यांचा आवळला की तुमच्या गतिरोधकावर तो जास्त दणका द्यायचा. मग तुम्ही तुमचा आवळायचात, की माझ्या हाताखाली तो दगड व्हायचा. आपण दोघं मिळून तिला टोकापर्यंत घेऊन गेलो, आणि तेही एकमेकांचं कौतुक करत करत. नोकरीत मी खोटी वजनं जप्त केली. दोन खरी वजनं एकमेकांशी जुळत नाहीत, असं मात्र कधी पाहिलं नव्हतं.

यावर उपाय काय, ते तुम्ही सांगा. मला कळतोय, पण माझ्या हाताने लिहवत नाही.

विहीणबाई

ता.क. वर चार-पाच ठिकाणी 'आपण'चं 'तुम्ही' झालं आहे. पुन्हा लिहून काढायचा कंटाळा आला.


१६ ऑगस्ट

आदरणीय विहीणबाई,

'तुम्ही'च राहू दे. 'आपण' लिहिताना मलाही खुर्चीत ताठ बसावं लागतं.

तुम्हाला लिहवत नाही ते मी लिहितो. तुमच्या यजमानांचा शॉकअप गेलेला नाही. मी दिलेलाही गेलेला नाही. दोघेही धडधाकट आहेत, पण ती जोडी नाही. चाक्या कितीही फिरवा, एका चालीने ते चालणार नाहीत. एकाच घडणीचे दोन लागतात, एकदम बदललेले. हे मला पहिल्या दिवशी कळायला हवं होतं. कळलंही असेल. पण तुमच्या यजमानांचा काढून टाका, हे एका परक्या माणसाने कोणत्या तोंडाने सांगायचं? म्हणून मी एकच बदलला, आणि तिथेच सगळं बिघडलं.

आता असं करतो. माझा मी काढतो. तुमचा काढायचा की नाही ते तुम्ही ठरवा. तुम्ही नाही म्हणालात तर मी परत फिरेन आणि मनात काही ठेवणार नाही. सोफा झाला तर आपण दोघं जाऊन त्यावर एकदा बसू आणि मालकाला शिव्या देऊ.

शहरातल्या दुकानात एक नवी जोडी पाहून ठेवली आहे. साधी आहे, तिला चाकीच नाही. सूनबाईंनी बजावलंय, की ज्याला फिरवता येतं असं काहीही आमच्या गाडीला लावाल तर याद राखा.

शनिवारी येतो. चिरंजीवांना कुणाची तरी मोटारसायकल मागून बोलावलं आहे, सूनबाई बसने येतील.

व्याही


१७ ऑगस्ट

व्याहीसाहेब,

घाईत चार ओळी, डाकेची गाडी गाठण्यापुरत्या.

या. जोडी घेऊन या. यांचा मी स्वतः काढीन, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. नट गंजला असेल तर त्याला आजपासूनच तेल पाजते.

आणि 'दोघेही धडधाकट आहेत, पण ती जोडी नाही' असली वाक्यं पत्रात लिहीत जाऊ नका. मास्तरीणबाई माझी पत्रं वाचून दाखवा म्हणतात. भलताच अर्थ काढतील.

विहीणबाई


२५ ऑगस्ट

विहीणबाई, नमस्कार.

सुखरूप पोचलो. चिरंजीव मोटारसायकल चालवतो तेव्हा मी डोळे मिटून घेतो, त्यामुळे प्रवास शांत झाला.

शनिवारचं मनातून जात नाही. तुम्ही चटई टाकून उजवीकडून आत गेलात, मी डावीकडून. मधे नुसतं गाडीचं पोट आणि दोन्हीकडून दोन म्हातारे पाने घेऊन. माझा चटकन निघाला. तुम्ही मात्र नटावर पाना लावून थांबलात. मला वाटलं, आता तुम्ही नाही म्हणाल, आणि मी तयारी करून ठेवली होती 'काही हरकत नाही' म्हणायची. मग तुम्ही गाडीखालीच म्हणालात, "यांनी फार जोर लावून आवळलाय हो, जरा इकडून धरता का?" आणि मी तुमच्या बाजूला सरकून धरलं. तुमचं वाक्य मला पहिल्यांदाच स्पष्ट ऐकू आलं. एकतर गाडीखाली आवाज घुमतो, नाहीतर मी नीट ऐकत होतो.

रविवारी सोफेवाला फीत उलगडून उभा होता आणि सूनबाईंनी त्याला म्हटलं, बसा, एक फेरी मारून आणते. पेले ठेवले, फेरी मारली, आणि दोन्ही पेले जसेच्या तसे. त्याने फीत खिशात घातली तेव्हा त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. जाताना तो विचारत होता, अशी दुसरी कुठे मिळेल का, कापायला. मी म्हटलं, मला ऐकू येत नाही.

सगळं छान झालं. आणि खरं सांगायचं तर मला थोडं चुकल्या-चुकल्यासारखं वाटतंय. थोरलीत आता बिघडण्यासारखं काही उरलं नाही. चाकीच नाही. तुम्हाला लिहायला निमित्त उरलं नाही. लोक माझ्याशी बोलतात तेव्हा त्यांना ओरडावं लागतं, मग ती कामापुरतीच बोलतात. पत्रात कुणाला ओरडावं लागत नाही. या उन्हाळ्या-पावसाळ्यात मी जेवढं भांडलो, तेवढं बायको गेल्यापासून कुणाशी भांडलो नव्हतो. फार बरं वाटलं.

ते दोन जुने शॉकअप तुमच्याच अंगणात राहिले. माझा भंगारात द्या. तुमच्या यजमानांचा पुसून कपाटात ठेवा.

तुमचा,
व्याही


८ सप्टेंबर

व्याहीसाहेब, नमस्कार.

भंगारात कोण देतंय! आणि कपाटात शॉकअप ठेवायला मी काय वेडी आहे?

त्या फाटकाला दोन कवाडं आहेत, हे तुमच्या टाचेला आठवत असेल. लोहाराला बोलावून मी डाव्या कवाडाला तुमचा लावला आणि उजव्याला यांचा. लोहार म्हणाला, "बाई, असं कुणी करत नाही." मी म्हटलं, "तुम्ही करा." चाक्या मी दोन्ही सैल करून दिल्या. आता स्प्रिंग कितीही तापली तरी फाटक आपटत नाही, हळूहळू मिटतं. यांचं कवाड आधी मिटतं. तुमचं मागून सावकाश येतं, मधेच थांबल्यासारखं करतं आणि मग टेकतं. लोहार चाकी फिरवून सारखं करायला निघाला होता. मी त्याला हात लावू दिला नाही. सगळा जन्म दोन पारडी जुळवण्यात गेला, ही दोन मी जुळवणार नाही. तुम्हाला चैन पडत नसेल तर येऊन बघा, वाद घाला, पत्रातून शिव्या द्या. निमित्त उरलं नाही म्हणे!

काल पोरं थोरलीतून येऊन गेली. बरणी अखंड पोचली. पोरं जाताना मी नेहमीसारखी पायरीवर उभी होते. पूर्वी गाडी बाहेर पडली की फाटक धाडकन आपटायचं आणि त्या आवाजाबरोबर घर रिकामं व्हायचं. मी लगेच आत वळायचे, नको त्या कामाला लागायचे. काल ते आपटलंच नाही. यांचं मिटलं, तुमचं येत राहिलं, आणि त्याच्या फटीतून मला थोरली पार पुढच्या पिंपळाच्या वळणापर्यंत दिसली. या वाटेवर इतक्या दूरपर्यंत ती दिसते, हे मला आजवर ठाऊक नव्हतं.

पुढच्या खेपेला पोरांबरोबर तुम्हीही या. परत जाताना मागे डावीकडे बसा आणि वळून बघा. मी फाटकाशीच असेन.

तुमची,
विहीणबाई